सुनांवरच गाणारं नागकडं

अंगणात सगळं गाव श्वास रोखून उभं होतं, आणि तेवढ्यात आत कुकरनं शिट्टी मारली.

"नाग बोलला!" म्हणत शेजारच्या शेषेरावांनी जमिनीला डोकं टेकलं.

"डाळ बोलली," त्या घरची थोरली सून अक्षरा दारातून म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण? जळकोटजवळच्या त्या गावात नागकडेबाबा अवतरले होते. भगव्या फडक्यात गुंडाळलेलं ताटाएवढं कडं ते माणसाच्या अंगावरून फिरवत. पोटात करणी असली की कडं कुंई-कुंई गायचं.

"ह्यो पाताळातला नाग हाय! वासुकीचा चुलतभाऊ!" बाबा गरजले. "सोन्याचांदीचा त्याला विटाळ. दागिने उतरवा!"

दागिने थाळीत पडले. कडं अक्षराच्या सासूबाईंच्या, गंगम्मांच्या पोटावरून गेलं, नाग गप्प. शेषेरावांच्या धोतरावरून गेलं, नाग गप्प. धाकटी सून ऋतुजा पुढं झाली, आणि कडं किंचाळलंच.

"करणी!" बाबांनी डोळे फिरवले. "मागल्या गावी पण सूनच निघाली व्हती. करणी लई हुशार, सासूच्या वाटंला जातच न्हाई."

गर्दीतल्या झाडून साऱ्या सासवांनी माना डोलावल्या. एवढं सोयीचं शास्त्र त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

निकाल लागला. सोमवारी उतारा. त्यानंतरही कडं गायलं, तर ऋतुजानं माहेरी जायचं आणि करणी उतरल्याबिगर परतायचं नाही. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, तो फोनवर म्हणाला, "आई म्हणती तसं कर." वर्षभरापूर्वी घरात आलेली ती पोर थोरल्या जावेला बिलगली. "अक्का, मी काय केलं हो?"

अक्षरा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. फडकं जरा सरकलं तेव्हा तिला आतली तांब्याची तार दिसली होती, आणि दहावीच्या पोरांच्या शिकवणीत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी ती जळकोटला, गफूरचाचांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात.

"क्या बेटा, मोटर जली क्या?"

"नाही चाचा, बाबाचं कडं करायचंय."

सगळं ऐकून चाचा पोट धरून हसले. "तो फिर तार मेरी तरफ से!" जुन्या रेडिओचे भाग जोडून त्यांनी कुंई करणारी डबीही बनवून दिली.

दुपारी गंगम्मांचा डोळा लागला की अक्षरा कशिद्याच्या लाकडी रिंगवर वेढे द्यायला बसायची.

"सतरा, अठरा..."

"आई, मुंगीला घाम येतो का?" चिमुकल्या चैत्रानं विचारलं.

पुन्हा एकपासून. "तीस, एकतीस..."

"आई, शी आली."

पुन्हा एकपासून. अखेर मोजायचं काम चैत्राकडेच गेलं. तिला वीसच्या पुढं येत नव्हतं, म्हणून दर विसाला एक शेंगदाणा बाजूला. मधेच एक शेंगदाणा तिनं खाऊन टाकला, तेवढे वेढे कड्यात जास्त पडले. वेढे दोऱ्यानं घट्ट आवळले, वरून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लपेटला. कडं मुकंच झालं! कागदाची दोन्ही टोकं एकमेकांना भिडली होती. त्यांच्यात बोटभर फट ठेवली, आणि चमचा जवळ नेताच डबी गाऊ लागली.

साडी नेसलेल्या ऋतुजाच्या पोटावर कडं धरलं. कुंई! ऋतुजा पांढरीफटक पडली. क्षणभर अक्षराच्याही अंगावर काटा आला. मग तिची नजर ऋतुजाच्या निऱ्यांवर गेली, आणि तोंडात पदर कोंबून ती हसत सुटली.

सोमवारी उतारा झाला तरी बाबांचं कडं ऋतुजावर गायलंच. तेव्हा अक्षरा पुढं आली. "बाबा, निघायच्या आधी तिला पाणी तरी पिऊ द्या." पाणी देता देता तिनं ऋतुजाच्या कमरेशी हळूच काहीतरी केलं. मग सासूबाईंकडं वळली. "आत्याबाई, तुमच्या निऱ्या सुटून राहिल्यात की," म्हणत वाकून त्याही नीट केल्या. "आता आत्याबाईंवर एकदा फिरवा, बाबा. खात्री नको?"

बाबांनी ऐटीत कडं फिरवलं.

कुंई!

"अगं बया! माझ्या पोटात करणी? ह्या वयात?"

"मग निघा माहेरी, गंगम्मा!" शेषेराव ओरडले. अंगण खदखदलं.

"बिलोलीला आता कोण हाय रे माझं?" गंगम्मांनी कपाळाला हात लावला.

अक्षरानं सासूबाईंच्या निऱ्यांतून सेफ्टी पिन काढून वर धरली. "ही तुमची करणी. मघाशी ऋतुजाच्या निऱ्यांतली काढून मीच इथं लावली. जुन्या बायका लुगडं घट्ट खोचतात. आम्ही पूजेपुरत्या साड्या नेसणाऱ्या पिना लावतो. म्हणून नाग सुनांवरच गातो!"

तिनं पदराआडून आपलं कडं काढलं. पिनेजवळ नेलं, गायलं. दूर नेलं, गप्प झालं. "तारेच्या वेढ्यांतून वीज खेळती, भोवती चुंबकाचं क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की कडं गातं. त्याला धातू कळतो, माणूस कळत नाही. कुणी असा चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी एवढंच करा: एक एक वस्तू बाजूला काढा आणि परत बघा."

कुणीतरी भगवं फडकं ओढलं. तांब्याची तार, चिकटपट्टी आणि चौकोनी बॅटरी.

"बॅटरीला हात लावू नका, नवी हाय!" वासुकीचे नातलग कळवळले आणि चप्पल न घालताच पळाले.

गंगम्मांनी थाळीतलं ऋतुजाचं मंगळसूत्र उचललं आणि तिच्या गळ्यात घातलं. ऋतुजा तिथंच पायरीवर बसून रडू लागली.

चैत्रा आईचं कडं घेऊन काकूभोवती हळूहळू फिरली. पोट झालं, पाठ झाली, कडं गप्पच. मग आईकडं वळली.

"आई, पिन तर काढली ना? मग काकूला अजून काय टोचून राहिलंय?"