खलाशाचं नाणं

बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी आईचं त्यांच्याशी भांडण संपलं नव्हतं. शिलाईच्या दुकानात मशीन पुसता पुसता तिची नजर खडूंच्या डबीतल्या त्या नाण्यावर गेली की सुरू व्हायची, "साऱ्या गावाचे कपडे शिवले, आणि एका खलाशाने ह्यांनाच टोपी घातली."

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. जहाजावरच्या एका माणसाने लोकरी कोट शिवून घेतला आणि शिलाईपोटी हे नाणं ठेवून गेला. नाणं विचित्रच होतं. राणीचा चेहरा एका बाजूला घसरलेला, नाक जेमतेम काठाच्या आत, आणि दुसरीकडे चंद्रकोरीएवढा कोरा धातू. बाबा इतकंच म्हणाले होते, "माणूस लबाड वाटला नाही." त्या एका वाक्यावरून आईने त्यांना जन्मभर फैलावर घेतलं. बाबा गालातल्या गालात हसायचे आणि कापड बेतायला लागायचे.

धाकट्या लेकीने आता पन्नाशी ओलांडली होती. किंमत किती येते याचं तिला फारसं पडलं नव्हतं. बाबा खरंच फसले होते का, एवढंच तिला एकदा कळायला हवं होतं. शेवटी एका सकाळी नाणं रुमालात बांधून ती जुन्या नाण्यांच्या दुकानाचा जिना चढली.

दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं. "कुठून आलं हे?"

"वडिलांना मिळालं. कोटाच्या शिलाईत."

"कोट चांगला होता?"

"वडिलांनी शिवला होता," ती जरा ताठ होऊन म्हणाली.

तो हसला. नाणं उलटून म्हणाला, "पुढचा छाप जेवढा सरकलाय तेवढाच मागचा सरकायला हवा. नकली करणारे इथेच गडबडतात." बराच वेळ तो बघत राहिला. ती खुर्चीच्या टोकावर आली. "सरकलाय," तो म्हणाला.

मग त्याने नाणं तराजूत टाकलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "वजन कमी भरतंय." आईचं आता उरलेलं आयुष्यभर फावणार, असं तिला वाटून गेलं.

दुकानदाराने कडेवरून नख फिरवलं. "इथे बारीक रेघा आहेत. त्यांत हे निळं काय भरलंय?"

तिने वाकून पाहिलं. "खडू आहे. खिशाचे कोपरे गोल यावेत म्हणून वडील नाणं ठेवून भोवती आखायचे."

"आखून अशा रेघा पडत नाहीत, ताई. कानस मारलीय ह्याला चहूबाजूंनी."

"म्हणजे खोटं?"

"अगदी खरं. टाकसाळीत चुकून असं छापलं गेलेलं. घासलं नसतं, तर आज मी तुम्हाला खाली रस्त्यापर्यंत पोचवायला आलो असतो." त्याने नाणं परत रुमालावर ठेवलं. "आता घरीच राहू द्या."

ती दोन-दोन पायऱ्या उतरली. शिलाईच्या दुकानात आई उताण्या झाकणात बटणं निवडत बसली होती.

"आई, खलाशी खरा होता. नाणं लाखमोलाचं होतं. बाबांनी कानशीने घासलं आणि मातीमोल केलं."

आईचा हात थांबला.

"मीच घासायला लावलं," ती म्हणाली. "खिसे मी लावायचे ना. कोटाला तो कोपरा ठीक होता, पण शर्टाला बेढब दिसायचा. म्हटलं, नाणंच जरा लहान करून द्या. तीन दुपारी बसले होते घासत."

"बाबा त्यावरून बोलले नाहीत कधी?"

"चकार शब्द नाही."

"त्यांना तरी त्याचं मोल कुठे ठाऊक होतं, आई. ठाऊक असतं तर घासलं असतं का?"

आईने एक बटण उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मी सांगितल्यावर?" ती म्हणाली. "घासलं असतं."