जाळीखालची खुर्ची

स्टेडियममध्ये तिला सगळे पट्टीबाई म्हणत. तिच्या खिशात कायम मोजपट्टी असायची म्हणून, आणि ती कुणाला इंचभरही सरकू द्यायची नाही म्हणूनही. सामन्याला कोण कुठे बसणार हे ती ठरवायची: यजमान संघाचे पाठीराखे कुठवर, पाहुण्या संघाचे कुठून, आणि मधे किती खुर्च्या रिकाम्या. पूर्वेच्या स्टँडमध्ये प्रत्येक रांगेत अशा सहा खुर्च्या होत्या, एकेचाळीस ते सेहेचाळीस. त्या पट्ट्यावर वरपासून खालपर्यंत जाड जाळी ताणलेली असे. जाळीच्या कडांना ती सामन्याच्या सकाळी स्वतःच्या हाताने शिशाचे सील लावायची.

सहाच का, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे. "सहा खुर्च्या शिवी ओलांडते, गुद्दा ओलांडत नाही."

खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. माणूस उठला की बसायची फळी आपसूक वर जाऊन पाठीला चिकटायची. त्यामुळे मोजणी सोपी होती. खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली की ती नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर खाली असलेल्या फळ्या मोजायची आणि गेटवरच्या आकड्याशी ताडून बघायची.

या हंगामाच्या पहिल्या सामन्यात एक फळी जास्त भरली. ती होती चौदाव्या रांगेत, सेहेचाळीस नंबरची, जाळीच्या आत, वर कोणीच बसलेलं नसताना.

"स्प्रिंग मेली असेल," दुरुस्तीवाले काका म्हणाले. सामना संपल्यावर त्यांनी फळी दहादा वरखाली केली. ती दहाही वेळा टाणकन वर गेली. "छे, ही तर माझ्यापेक्षा धडधाकट आहे ताई. तरी बदलतो."

पुढच्या सामन्यात सेहेचाळीस वर होती आणि पंचेचाळीस खाली. त्याच्या पुढच्या सामन्यात चव्वेचाळीस.

त्या तिसऱ्या सामन्यात तिने कॅमेरा चौदाव्या रांगेवरून हलवलाच नाही. उत्तरार्धात पाहुण्या संघाने गोल केला. जाळीच्या पलीकडे पाहुण्यांचा सगळा गट आरडाओरडा करत उभा राहिला, आणि त्यांच्याबरोबर जाळीखालची फळीही वर उडाली. पलीकडचे लोक हळूहळू बसले. मग तीही सावकाश खाली आली. पुढे अर्ध्या तासाने यजमानांनी बरोबरी साधली. इकडचे सगळे नाचायला लागले. चव्वेचाळीस जागची हलली नाही.

तिथे कोण बसलंय, हे पट्टीबाईला कळलं.

तिचे बाबा तीस वर्षं चौदाव्या रांगेत चाळीस नंबरवर बसत. पूर्वी मधे जाळी नव्हती, कोणीही कुठेही बसे. बाबांच्या शेजारी एकेचाळीसवर त्यांचा मित्र असायचा. हा गडी जन्मभर याच शहरात राहिला आणि जन्मभर येईल त्या पाहुण्या संघाचा राहिला, म्हणून बाबा त्याला पाहुणा म्हणत. थर्मास बाबांचा आणि चहा ज्याचा संघ हरेल त्याच्या खर्चाचा, असा त्यांचा शिरस्ता. पुढे एका सामन्यात खुर्च्या उखडून मारामारी झाली, आणि नव्यानेच लागलेल्या पट्टीबाईने आयुष्यातला पहिला नकाशा काढला.

"बाळ, तेवढ्या दोन खुर्च्या राहू दे," बाबा म्हणाले होते. "आम्ही दोघं म्हातारे काय एकमेकांना बुकलणार आहोत?"

"तुमच्यासाठी एक भोक ठेवलं तर उद्या सगळी जाळीच भोकांची होईल, बाबा."

पाहुण्याने जाळीपलीकडची पहिली खुर्ची मागून घेतली, सत्तेचाळीस. दोघं सहा खुर्च्यांवरून एकमेकांना कप उंचावून दाखवत. त्याच हंगामात एका सामन्यानंतर सगळं स्टेडियम रिकामं झालं तरी तो बसून राहिला. झाडूवाल्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा तो गेल्याचं कळलं. त्या बाजूला त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. बाबांना बातमी तीन दिवसांनी लागली. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच तिला आजवर टोचत होतं.

आता तो दर सामन्याला एक खुर्ची अलीकडे येत होता. चौथ्या सामन्यात त्रेचाळीस. पाचव्या सामन्याच्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर बाबा थर्मास भरत होते. ओट्यावर दोन कप होते.

"दुसरा कोणासाठी?"

"असू दे की. एखादा फुटला तर?"

"बाबा, शेजारी कोणी असतं का तुमच्या?"

"तूच तर जाळी लावलीस ना बाई, कोण असणार?" बाबा हसले. मग थर्मासचं झाकण फिरवता फिरवता म्हणाले, "या वर्षी मात्र एकटं वाटत नाही. का कोण जाणे."

त्या दुपारी बेचाळीस खाली होती. उरली होती एकेचाळीस, आणि त्यानंतर बाबा. शेजारी येऊन तो काय करणार, हे तिला माहीत नव्हतं. पण एखाद्याला न्यायला यावं, तशी ती चाल होती. बाबांची पंचाहत्तरी उलटली होती. घरात ती दोघंच होती.

तिने तिला येत होतं ते केलं. पट्टा रुंद केला. यजमानांच्या बाजूच्या आणखी सहा खुर्च्या जाळीखाली घेतल्या, पस्तीस ते चाळीस. बाबांना पश्चिमेच्या स्टँडमध्ये, बरोबर समोर, मैदानाच्या पार पलीकडे जागा दिली.

"बारा खुर्च्या?" सुरक्षाप्रमुख म्हणाला. "पट्टीबाई, आता शिवीसुद्धा पोचायची नाही हो!"

संध्याकाळी घरी बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. "म्हणजे माझी खुर्ची आता आपल्यांची नाही?"

"नाही."

"त्यांचीही नाही."

"कुणाचीच नाही, बाबा. रिकामी आहे."

"बरं," ते म्हणाले आणि नकाशाची नीट घडी घालून त्यांनी तिच्या हातात दिली.

सहाव्या सामन्याच्या सकाळी तिने सगळे सील दोनदा तपासले. दुपारी बाबांना हाताला धरून पश्चिमेच्या स्टँडमध्ये बसवलं. विसाव्या मिनिटाला एकेचाळीस खाली होती, तिला वाटलं होतं तशी. शेजारची चाळीस वर होती. समोरच्या कॅमेऱ्यात बाबा मांडीवर थर्मास घेऊन बसलेले दिसत होते. तिने कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

मध्यंतरात तिने पुन्हा पश्चिमेचा कॅमेरा लावला. बाबांच्या खुर्चीची फळी वर होती. बाथरूमला गेले असतील, असं तिने मनाला समजावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, लोक परत आले, शिट्टी वाजली. फळी वरच. बाहेरच्या गेटवरून कोणीही गेल्याची नोंद नव्हती. मग तिने पूर्वेचा कॅमेरा लावला, आणि तेव्हाच तिला आपली चूक उमगली. ज्या जाळीखाली तो हिंडत होता, तीच जाळी तिने बाबांच्या खुर्चीवर ओढून दिली होती. इतके दिवस ती खुर्ची जाळीबाहेर होती.

चाळीस खाली होती.

ती जिने उतरून धावत सुटली. चौदाव्या रांगेशी पोचली तेव्हा जाळीखाली काहीतरी दिसलं म्हणून काका तिथे आधीच आले होते, हातात कटर होता, पण कापलं काहीच नव्हतं.

"सील बघा ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "एकही तुटलेलं नाही. मग हा थर्मास आत गेला कसा?"

जाळीखाली, चाळीसच्या पायाशी, बाबांचा थर्मास होता. जमिनीवर दोन कप होते. दोन्हीतून वाफ येत होती.

तिने जाळीतून हात घातला आणि चाळीसची फळी खालून वर ढकलली. तिथली प्रत्येक स्प्रिंग दहापैकी दहा वेळा टाणकन उडणारी. आज ती हलेना. वर कोणी दिसत नव्हतं, पण वजन होतं. बाबांच्या कोटाला येतो तसा जुन्या लोकरीचा वास आला.

"बाबा," ती म्हणाली. "घरी चला ना."

गर्दी ओरडत होती. जाळी वाऱ्याने किंचित फुगली आणि पुन्हा बसली.

"कापू का?" काकांनी विचारलं. कापून आत बसलेल्यांना काय सांगायचं? उठा म्हणून? एकदा तिने त्यांना उठवलं होतंच.

"दोन्ही खुर्च्या नंतर सोडवून नेतो मग," काका म्हणाले. "नव्या बसवू."

"नको," ती म्हणाली. "राहू द्या."

तेवढ्यात मैदानावर यजमानांनी गोल केला. सबंध स्टेडियम उठलं, हजारो फळ्या एकदम वाजल्या. तिच्या हातावरून चाळीसची फळीही टाणकन वर गेली.

शेजारची एकेचाळीस मात्र खालीच राहिली.

लोक बसू लागले. मग तिच्या तळहातावर चाळीसची फळी सावकाश टेकली, ओळखीच्या वजनाने, आणि तिने हात काढून घेतला.