सकूनं राखलेला ऐन

सकू गेली तेव्हा राब तोडायचे दिवस होते. भाताचं बी पेरण्याआधी आमच्याकडे जमीन भाजतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडून, वाळवून खाचरात पसरतात. हे काम वेळेत उरकलं नाही तर पुढचं सगळं लांबतं. पण सुतकात घरच्यानं शेताला हात लावायचा नाही, म्हणून सकूचा भाऊ राघो सापगावहून आमच्या टोकावड्याला आला. "दाजी, तुमी बसा. राबाचं मी बघतो," म्हणाला. मी बसलो.

तेरावं झाल्यावर शेतावर गेलो, तर बांधावरचा मोठा ऐन बोडका उभा होता.

बाकीचे ऐन दरवर्षी तोडून खांबासारखे झालेत. हा एकच सकूनं वाढू दिला होता, आणि तोही एका जपानी माणसाच्या सिनेमामुळे.

राघोची मुलगी प्रियांका मुरबाडच्या कॉलेजात शिकते आणि आमच्याकडे राहते. आम्हाला मूल नाही. तिनं मैत्रिणीकडून एक सीडी आणून मला आणि सकूला लावून दाखवली. हातानं काढलेली चित्रं बघून मी म्हणालो, "पोरांचं कार्टून मला काय दाखवतेस?" ती खालची इंग्रजी अक्षरं वाचून गोष्ट सांगत गेली. समुद्राकाठचं गाव. मिठासाठी पाणी आटवायचं तर लाकूड लागतं, त्यामुळे डोंगर उघडा होत चाललेला. एक मुलगी शेवटच्या झाडावर जाऊन बसते. मला वाटलं, आता गावचा मुखिया हिला खाली ओढणार. पण दिग्दर्शक आपल्याला मुखियाच्या घरात नेतो. तिथे आजारी मुलं आणि थंड चूल. मग मुखिया झाडाखाली येतो आणि तिला भाताचा गोळा वर देतो. भांडण काही मिटत नाही. दोघं नुसती जेवतात आणि झाडातून वारा जातो. बराच वेळ वाराच.

मी तो वारा विसरलो नाही. गोष्ट थांबवून वारा दाखवायचा, म्हातारीनं तांदूळ धुतले तर ते पूर्ण धुऊन होईपर्यंत बघायचं, असं कुणी करत असेल हे मला माहीत नव्हतं. मग आम्ही त्याचे मिळतील तेवढे सिनेमे बघितले. राघोही रविवारी येऊन बसायचा.

"ह्याच्या पिक्चरमधी कुनीच हलकट नसतो," सकू म्हणायची. "मला तेच आवडतं."

"तुझा भाव टाकायला पायजे व्हता एखाद्यात," मी म्हणायचो.

"मला घेतला असता तर पिक्चर पळला तरी असता, दाजी," राघो म्हणायचा. "हितं कवाधरनं नुसता वारा सुटलाय."

त्या साली राब तोडताना सकूनं माझा कोयता धरला. "ह्यो एक राहू द्या." एवढा राब कमी पडेल म्हणून मी कुरकुरलो. "कमी पडंल तितका पाला मी डोक्यावर आनीन," ती म्हणाली, आणि दरवर्षी तिनं तो रानातून आणला. ऐन वाढला. आजारपणात तिची खाट मागच्या दाराशी होती. तिथून तो दिसायचा. तिनं राघोला जवळ बोलावलं. "ह्यांच्याच्यानं आता सगळं व्हनार नाय. तुलाच बघावं लागंल. पन त्यो ऐन तोडू नको रं." राघोनं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मी तिथेच होतो.

आता तेरावं उलटल्यावर राघो बांधावर त्याच ऐनाच्या फांद्यांचे भारे बांधत होता.

"तुला ठाऊक व्हतं, राघो," मी म्हणालो.

"व्हतं, दाजी. पन राब पुरला नाय. आवंदा पाला आनायला ती हाय का? आनि फुटंल की परत, ऐन हाय त्यो."

"शब्द दिला व्हतास."

"मरत्या मानसाला नाय बोलतात का कुनी?"

म्हणजे शब्द देतानाच त्यानं तोडायचं ठरवलं होतं की काय, कोण जाणे.

"आनि दाजी, तुमीच बोलता ना, त्या जपान्याच्या गोष्टीत कुनी वाईट नसतं? मग मीच कसा वाईट?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. मी मनात एकेक सिनेमा आठवून बघितला. एकानं तरी मला या माणसाचा राग करायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं. एकानंही नाही. जिथे तिथे मला राघोसारख्याच्याच घरात नेऊन बसवलं होतं. त्या दिग्दर्शकानंही मला फसवलं असं वाटलं. मग एक गोष्ट सुचली.

"त्यो मुखिया झाडाखाली आला व्हता," मी म्हणालो. "तोंड दाखवून उभा ऱ्हायला. मी घरातच बसलो व्हतो, राघो. तू आलास का इचारायला?"

"इचारलं असतं तर तुमी हो बोलला असता?"

"नाय."

"मग?" तो म्हणाला.

"हे भारे तू ने. माझ्या खाचरात ह्यो राब भाजायचा नाय."

"मग पेरनार कशात?"

"ते खाचर पडीक ऱ्हाईल."

"दाजी, ताईनं पन असं नसतं केलं."

"ताईचं नाव घेऊ नको."

तो जेवायला थांबला नाही. भारेही नेले नाहीत. प्रियांका त्याची पिशवी घेऊन स्टँडवर गेली. ती बापाबरोबर सापगावला जाईल असं मी धरून चाललो होतो. पण एसटी गेल्यावर ती एकटीच शेतावर आली. डोळे सुजलेले.

"मामा, बाबा गाडीत बसून रडत व्हता."

"रडू दे," मी म्हणालो. "पिक्चर बघतानाबी रडायचा."

मी भारे ओढून बांधापलीकडे टाकायला लागलो. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि दुसऱ्या टोकाला हात घातला.