पांघरलेला फ्लॉवर

चौथ्यांदा केलेली भाजीही लिफ्टवाल्याने चमच्याने ढोसून बघितली आणि वाटी बाजूला सारली.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"सॉस फाटलाय." ऑपरेशननंतर त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा यायचा. "तू चाखून बघ ना जरा. न चाखता कसं कळणार काय बिघडलं ते?"

"मी मीठ सोडलंय, ठाऊक आहे ना?"

"मग झालं. आंधळं दळतंय, आणि इथे कुत्र्याचीही भूक मेलीये."

ती हसली नाही. वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. खरंच सॉस फाटला होता. फ्लॉवरच्या तुऱ्यांभोवती पाणी सुटलं होतं आणि चीज त्यात फाटलेल्या दुधासारखं तरंगत होतं.

आठ महिन्यांपूर्वी, त्याचा घसा उघडला त्या दिवशी, ती दवाखान्याच्या बाकावर बसून होती. सुईत दोरा ओवण्याआधी प्रार्थना करायची, दिवसातून एक वेळ मौन पाळायचं, असे तिचे साधे नेम पहिल्यापासूनच होते. त्या बाकावर तिने आणखी एक धरला. हा माणूस बरा होऊन स्वतःच्या पायांनी कामावर जाईल, तोवर जिभेला मीठ लावणार नाही. माणूस घरी आला, पण बरा होऊन नव्हे. आणि तिचं अळणी जेवण दिवसेंदिवस कमी होत गेलं. गिऱ्हाइकांचे सैल कपडे टिपा घालून आत घ्यायचे, हा तिचा धंदा; आता तिला स्वतःचेच कपडे आत घ्यावे लागत होते. बोटातली अंगठी गळून पडू नये म्हणून तिने तिला मागून दोरा गुंडाळला होता.

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मंगळवारी त्याचं वजन केलं, आकडा बघितला आणि काट्यात चूक आहे का म्हणून काटा हलवून पुन्हा बघितला. काट्याची चूक नव्हती.

"शुक्रवारी अकराला येते," त्या म्हणाल्या. "तोवर वाटीभर अन्न एका वेळी यांच्या पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं, तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल. गाडी येईल, नाकातून नळी घालतील."

नळी म्हणजे वॉर्ड, आणि वॉर्डातून परत येणं नाही, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं. नळीवर दोन महिने, फार तर तीन. नळीशिवाय किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तिला मात्र ते दोन महिने हवे होते. दोन दिवस मिळाले असते तरी तिने पदर पसरला असता.

नर्सबाई गेल्यावर लिफ्टवाला म्हणाला होता, "एकतीस वर्षं लोकांना वर पोचवलं मी. मला मात्र दोन मजल्यांच्या मधे अडकवून ठेवू नकोस."

"अभद्र बोलू नका. काय खावंसं वाटतंय ते सांगा."

त्याने बराच विचार केल्यासारखं केलं. "पांघरलेला फ्लॉवर."

पुलाखालच्या रेस्टॉरंटमध्ये मिळायचा तो. फ्लॉवर, गाजर, फरसबी, आणि वरून चीज सॉस असा दाट की भाजीने पांघरूण घेऊन झोपावं. नाव त्यानेच ठेवलेलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची आणि वेटरने विचारायच्या आत तो सांगून टाकायचा, "एक पांघरलेला." म्हणजे आवड त्याचीच, असं ती पंचवीस वर्षं धरून चालली होती.

आता त्या जागी चष्म्यांचं दुकान होतं. म्हणून ती घरीच करू लागली. पहिल्यांदा मैद्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा चीज रबरासारखं ताणलं. तिसऱ्यांदा जायफळ जास्त पडलं, असं तो म्हणाला. आता हे चौथं. आणि गुरुवार उजाडला होता.

तिने चष्मेवाल्याला जाऊन विचारलं. जुना आचारी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये असतो, एवढं त्याला माहीत होतं. दोन बस बदलून ती तिथे पोचली. दुपारची गर्दी ओसरली होती. आचारी हाताएवढ्या ब्रशने भलीमोठी कढई घासत होता. तिने ओळख सांगितली तशी त्याने ब्रश खाली ठेवला.

"कोपऱ्यातलं टेबल! आमची भांडी वर चढवायची लिफ्ट बंद पडली की लिफ्टवालेच हात लावायचे. कसे आहेत?"

तिने मान हलवली. त्याला कळलं.

"भाजी उकडून तशीच सॉसमध्ये टाकता ना? तिथेच चुकतंय. उकडली की कोरड्या तव्यावर ठेवायची, तिच्या अंगातलं पाणी पुरतं मरू द्यायचं. ओली भाजी सॉस फाडते. दूध तापवताना अर्धा कांदा घालायचा, मग काढून टाकायचा. आणि चीज आच बंद केल्यावर. आधी नाही. मीठ शेवटी, चाखून." तो हसला. "पण हे एवढं कोणासाठी करताय? तुम्हाला स्वतःला खायचंय?"

"त्यांच्यासाठी. त्यांचा आवडता पदार्थ."

आचाऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती चुकीच्या माणसाबद्दल बोलतेय.

"ताई, त्यांना तर चीजचा वासही चालायचा नाही. त्यांचं सूप आणि पाव मी आत वेगळं काढून ठेवायचो, हात धुवायच्या निमित्ताने तिथेच उरकायचे. मला आत येऊन सांगायचे, तिच्या प्लेटमध्ये हात सैल सोडा, ती मागून घेणार नाही. मग तिकडे काटा हातात धरून बसायचे आणि सगळा फ्लॉवर तुमच्याकडे सरकवायचे. आम्ही आतून बघून हसायचो."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. पंचवीस वर्षं तो म्हणत आला होता, "घे तू, माझं पोट भरलं." आणि तिने घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने आचाऱ्याने सांगितलं तसं केलं. तव्यावर फ्लॉवरच्या कडा तांबूस झाल्या. सॉस चमच्यावरून फितीसारखा उतरला. मीठ मात्र अंदाजानेच घातलं. वाटी भरून तिने त्याच्यासमोर ठेवली. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं.

"तुम्हाला चीज आवडत नाही."

"कोण म्हणतं?"

"आचारी."

"चहाडखोर मेला," तो म्हणाला. डोळे मात्र हसले. "अगं, म्हटलं चूक काढत राहिलो तर कधीतरी वैतागून चाखशील. एक चमचा पोटात गेला की पुढचा जातो. पण तू कसली! कापडाची टीप एक दोरा वाकडी गेली तर उसवतेस, आणि इथे चार वाट्या ओतल्यास, जीभ लावली नाहीस."

"नेम आहे माझा."

"माझ्या नावाने केलास, मला विचारलं होतंस? माझ्या घशाखाली उतरत नाही, तू उतरवत नाहीस. या घरात एकाने तरी जेवावं की नाही?"

"ही वाटी तुम्हाला खायचीय. अकराला त्या येतील."

"दोन चमचेसुद्धा जायचे नाहीत. तुला माहितीये." त्याने तिचं मनगट धरलं. पकड पोराएवढीही नव्हती. "नळी नको मला. इथे राहू दे. तू मशीनवर बसलेली ऐकू येतेस, तेवढं पुरे."

ती म्हणू शकली असती, दोन महिने आहेत. ओठांपर्यंत आलं होतं. पण तो वाटीकडे बघतच नव्हता. तिच्या बोटातल्या दोऱ्याकडे बघत होता.

तिने चमचा उचलला.

पहिलं मीठ जिभेला लागलं आणि जबडा कळवळला. आठ महिन्यांची जीभ, जणू तिला कोणी चटका दिला. मग कांद्याचा गोडवा आला, भाजलेल्या फ्लॉवरचा करपट वास आला, आणि त्यामागून भूक आली, निर्लज्ज, भस्म्या झाल्यासारखी. ती खात सुटली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खात होती. तो उशीवर मान टाकून बघत होता, कोपऱ्यातल्या टेबलावर बघायचा तसाच.

"फाटला नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "मीठ जरा कमी पडलंय."

"बघ. चाखल्यावर कळतं."

अकराला नर्सबाई आल्या. रिकामी वाटी बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! वाटी संपवली?"

लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. उत्तर तिच्यावर होतं. आयुष्यात तिने गिऱ्हाइकाला कपड्याची तारीखसुद्धा खोटी सांगितली नव्हती.

"वाटी संपली," ती म्हणाली.

नर्सबाईंनी लिहून घेतलं. निरोप घेऊन दाराशी आल्या, तिथे थांबल्या, आणि तिच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाल्या, "ओठ पुसा, ताई." मग पायऱ्या उतरून गेल्या. गाडी आली नाही.

तो सोमवारी पहाटे गेला, आपल्याच खाटेवर. रात्रभर मशीन चालू ठेव म्हणाला होता, म्हणून ती जुन्या चिंध्यांना चिंध्या जोडत बसली होती.

सगळं आटोपल्यावर ती देवापुढे बसली. नेम मोडल्याची क्षमा मागायची, की तो घरीच गेला म्हणून आभार मानायचे, तिला ठरवता येईना. मग उठली, मूठभर भाजी चिरली, शिजवली, आणि चाखून मीठ घातलं.