दीड मणाची बाबागाडी

सुगंधाची फजिती आधी गावभर झाली आणि मग गाडी आली. लेकराच्या पायासाठी नाही आली, सासऱ्याच्या नाकासाठी आली. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

पोळ्याच्या आठवड्यात सुगंधाच्या रूपचंदला ताप भरला. तीन वर्षांचं पोर, आदल्या दिवशी अंगणात मातीच्या बैलामागे पळत होतं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि उजवा पाय गेला. शहाद्याच्या डॉक्टरने पोलिओ म्हणून सांगितलं. पाय मरू द्यायचा नसेल तर दर मंगळवारी न चुकता दवाखान्यात आणा, म्हणाला. गावापासून दोन मैलांवर, शहाद्याच्या रस्त्याला सरकारी दवाखाना होता. तिथली नर्सबाई पायाला फळी बांधायची, दर आठवड्याला ती थोडी सरळ करून पुन्हा बांधायची, नवा व्यायाम दाखवायची. घरी दोन वेळा कढत पाण्याची फडकी लावायला सांगायची. "हाडं कोवळी आहेत तोवरच हे जमेल," ती म्हणाली, "सहा महिने. नंतर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

दोन मंगळवार बैलगाडी मिळाली. मग कापसाची वेचणी लागली. सासऱ्याचे, रतिलालचे बैल कापसाचे होते, नातवाचे नव्हते.

सुगंधाला धाकटी लेक होती, आठ महिन्यांची दगू. अंगावर पिणारी. घरात सासू अनुसयाबाई होती, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा दगू तिच्या मांडीवरून उतरून रांगत रांगत थेट चुलीपर्यंत गेली होती आणि म्हातारी रिकाम्या मांडीलाच थोपटत बसली होती. त्यामुळे जायचं तर दोघांना घेऊनच. नवरा चुनीलाल म्हणायचा, "आबाले इचारस." विचारायचा मात्र कधीच नाही.

मग एका मंगळवारी ती एकटी निघाली. दगू कडेवर, रूपचंद पाठीवर. गाव सुटेस्तोवर जमलं. पुढे कंबर धरली. तेव्हा तिने रूपचंदला बाभळीखाली बसवलं, दगूला शंभर पावलं पुढे नेऊन लिंबाखाली ठेवलं, परत आली, रूपचंदला उचललं, लिंबाच्याही पुढे नेलं, परत दगूकडे. म्हणजे दोन मैलांचा रस्ता ती सहा मैल चालली. मागचं रडे ते पुढे ऐकू येई, पुढचं रडे ते मागे. कुत्रं दिसलं की ती दोघांच्या मधोमध उभी राहून दोन्हीकडे दगड मारी. पोचली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं.

परतताना जालमसिंगने तिला पाहिलं. हा रतिलालचा बैठकीतला दोस्त. संध्याकाळी ओट्यावर मांडी घालून त्याने पाच माणसांत सांगितलं, "रतिलालभाऊ, तुन्ही वहू देखी मी रस्तावर. मांजर पिल्लं हालाडस ना, तशी पोरे हालाडी ऱ्हायनी व्हती! एक आठे, एक तठे!"

ओटा खदखदून हसला. रतिलाल हसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने धुडकू सुताराला बोलावणं धाडलं.

दोघं बसतील अशी बाबागाडी करावी, हे नर्सबाईने सुगंधाला पहिल्याच मंगळवारी सांगितलं होतं. "पण हलकी कर हं. तुला एकटीला उचलता आली पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही." चुनीलालने तेवढं एक बापाच्या कानावर घातलं होतं. गाडीचं घातलं. हलकीचं विसरला.

तापीकाठचं घर. पुरात एकदा चुलीपर्यंत पाणी आलेलं, म्हणून ओटा सात पायऱ्यांचा. त्या ओट्यावर पुरुष बसायचे आणि घरची वहू दाराआड उभी राहायची. सासऱ्याशी बोलायचं तर सासूला सांगायचं, सासूने त्याला. समोर तोंड उघडायची चाल नव्हती.

धुडकू ओट्याखाली उकिडवा बसून म्हणाला, "बाबा, गाडी लोटी कोण? वहूबाईच ना? मंग मी बांबूनी करस, वरथीन नवार इनी देस. फुलासारखी व्हई."

"बांबू?" रतिलाल म्हणाला. "मन्हा नातू काय टोपलामा बसी? सागनी कर."

दाराआड सुगंधा सासूच्या कानाशी लागली. "माय, सांगा ना त्यास्ले. सात पायऱ्या शेतस. मले उतारता ये अशी जोयजे."

अनुसयाबाई खाकरली. "ती म्हनस, जरा उतारता ये अशी..."

"उतारतीन गडी. घरमा काय मानसं नहीत का?"

बैलजोडी घ्यायला गेलं की माणूस बैलाचे दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. या घरात गाडी ठरली तेव्हा ती लोटणारीला कुणी विचारलं नाही. पाच पुरुष ओट्यावर बसून पोपट किती काढायचे ते ठरवत होते. दोन बाजूंना चार चार ठरले.

दिवाळीत गाडी आली. सागाच्या फळ्या, नऊ इंची कठडा, त्यावर आठ पोपट, पाठीला कमळ, चार कोपऱ्यांना पितळी गोंडे, लाकडी चार चाकं आणि चाकांना लोखंडी धावा. बैलाची गाडी पाण्यात भिजून लहान झाली असावी तशी. गल्लीतल्या बायकांनी ओवाळली. दोन गडी आणि चुनीलाल अशा तिघांनी ती पायऱ्या चढवली आणि तिघंही धापा टाकत भिंतीला टेकले.

"दीड मण तरी व्हई," एक गडी म्हणाला. रतिलालचा चेहरा फुलला. त्याला ती तारीफ वाटली.

पहिल्या मंगळवारी गड्यांनी गाडी उतरवली. सुगंधा दवाखान्यात जाऊन आली, तर ओट्यावर चिटपाखरू नाही. गाडी गल्लीत राहिली, तिच्यात शेजारची शेळी बसली आणि त्या शेळीवरून रतिलालने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या मंगळवारी गडी वेचणीला. तिसऱ्या मंगळवारी चुनीलालची पाठ भरली. चौथ्या मंगळवारी गडी होते, पण पाहुणे आले होते आणि पाहुण्यांना गाडी पाहायची होती. सुगंधा दगूला कडेवर घेऊन दाराआड उभी. पाहुण्यांनी पोपटांवरून हात फिरवला, चहा घेतला, निघाले. तोवर दवाखाना बंद.

तिच्याजवळ एक काळा दोरा होता. दर मंगळवारी ती रूपचंदच्या दोन्ही पोटऱ्या त्याने मोजायची. डाव्या पायाला एक गाठ, उजव्याला दुसरी. पोळ्यानंतर दोन गाठींमध्ये गव्हाचा दाणा मावत होता. आता बोट मावायला लागलं होतं. पायाची बोटं खाली वळत चालली होती. जुनी फळी तिरपी होऊन रुतायची, तिथे लाल वळ उठायचा. पोरगं विचारायचं, "आई, आज मंगळवार शे का?" ती सांगायची, "नही." मंगळवार असला तरी.

आपला सासरा अडाणी आहे, हौशी आहे, त्याला वजनाचं कळलं नाही, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. वहूला एवढं तरी धरून चालावंच लागतं, नाहीतर त्या घरात भाकरी घशाखाली उतरत नाही. पाचव्या मंगळवारी सकाळी ती दाराआड कापसाच्या वाती वळत बसली होती. ओट्यावर जालमसिंग म्हणाला, "गाडी ते जागची हालत नही, भाऊ. भलती जड करी टाकी."

"जड शे तेच बरं शे," रतिलाल म्हणाला. आवाज हळू करायचीही त्याला गरज वाटली नाही. "हलकी ऱ्हाती ते रोज उठी रस्तावर दिसती. आते कोनी म्हनाले नको, रतिलालनी वहूले गाडी दिधी नही."

दोघं उठून शहाद्याला कापसाच्या भावाचं बघायला गेले. चुनीलाल मागोमाग गेला.

सुगंधाने वाती खाली ठेवल्या. म्हणजे हिशेब चुकला नव्हता. पिंजऱ्याला पोपट कोरले होते, एवढंच.

परसात भुरीबाई शेण थापत होती. डोंगराकडची भिल्ल बाई, वर्षभर याच घरी राबायची. सुगंधा तिला म्हणाली, "धुडकूना घर जा. करवत आन अन सांडशी मांग. कसाले म्हनीसन इचारं ते सांग, वहूबाई मांगस."

धुडकूने विचारलं नाही. करवत दिली, सांडशी दिली, आणि वर पाचर काढायची छिन्नी स्वतःहून दिली.

सुगंधाने आधी पितळी गोंडे उपटले. मग उजवा कठडा कापला. भुरीबाईने तोंडावर हात नेला. "बाई, काय करी ऱ्हायनी? डोकरा मारी टाकी!"

"मारू दे. तू धर हाई."

चार पोपट खाली पडले. सुगंधाने गाडीचा एक दांडा धरून उचलून पाहिला. हलला नाही. डावा कठडा काढला. उचलून पाहिला. पाठीचं कमळ काढलं. आता पुढची बाजू वीतभर उठली. तळाच्या फळ्या एकेक करून ठोकून काढल्या. प्रत्येक फळीमागे ती उठे, पदर खोचे, उचलून पाही. दुकानात माल निवडतात तशी ती गाडी निवडत होती, फक्त दुकान नव्हतं आणि माल एकच होता. शेवटी राहिलं ते दोन लांब दांडे, तीन आडव्या पट्ट्या आणि चार चाकं. तरी पायरी उतरवण्याजोगं नव्हतंच. पहारीने तिने चाकांच्या लोखंडी धावा सोडवल्या. मग बघत राहिली.

"च्यार चाकं कसाले?" ती म्हणाली. "बैलनी गाडीले दोनच ऱ्हातस."

"मंग बैल कोन?"

"मीच." भुरीबाई हसली नाही. सुगंधाही नाही.

पुढचा आस काढला, मागचा मधोमध आणून बांधला. बसायला काय? फळी टाकली की वजन परत आलं. ती आत गेली. आतल्या खोलीत तिच्या माहेराहून आलेली बाज होती, पांढऱ्या नवारीची, तिची आणि चुनीलालची. तिने पायथ्याची गाठ सोडली आणि अख्खी बाज उसवली. नवार दांड्यांना गच्च विणली, मध्ये झोळ देऊन दोन खोबण्या केल्या. दोन्ही पोरं समोरासमोर बसवली. दगूने लगेच नवार तोंडात घातली.

पोरं खाली घेऊन तिने गाडी उचलली. दोन्ही हातांनी. मग एका हाताने. खांद्याला लावली आणि सात पायऱ्या उतरली, मग एकेक करून पोरं आणून तिच्यात बसवली. गल्लीत कोण बघतं, कोण नाही, तिने पाहिलं नाही. पदर कपाळावरून खाली आला होता. हात मोकळा नव्हता, म्हणून तो वर गेला नाही.

दवाखाना उघडा होता. नर्सबाईने फळी सोडली, पाय हातात घेतला आणि टाच दाबून पाहिली. मग म्हणाली, "कुठे होतीस?"

"घर."

"तीन मंगळवार गेले, सुगंधाबाई. मी खोटं नाही सांगणार. जे सुकलं ते सुकलं. टाच जमिनीला लावता येते का ते बघू. आता एकही चुकवायचा नाही. आणि कढत फडकी? दिवसाला दोनदा?"

"सरपण मोजीसन देतस," सुगंधा म्हणाली. "आते लावसू."

ती परतली तेव्हा ओटा भरलेला होता. रतिलाल, जालमसिंग, चुनीलाल, आणखी दोघं. त्यांच्या पुढ्यात आठ पोपट, कमळ, फळ्या आणि दोन चाकं रचून ठेवलेली. कुणी हललं नाही. सुगंधाने दगूला उचललं, पायऱ्या चढून आत सासूजवळ ठेवलं, उतरली. रूपचंदला उचललं, चढली, आत बसवलं, उतरली. मांजरीसारखी एक इकडे, एक तिकडे. या वेळी जालमसिंगने पुढ्यातला एक पोपट उलटासुलटा करून पाहिला. मग तिने गाडी खांद्याला लावली आणि सातही पायऱ्या चढून ती रतिलालच्या बैठकीला खेटून ठेवली.

रतिलालने तिच्याकडे पाहिलं नाही. दारात चाचपडत उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "इचार तिले, हाई काय करं तिनी?"

"आबा," सुगंधा म्हणाली, "मलेच इचारा."

ओट्यावर कुणी तरी सुपारी कातरत होतं, तो अडकित्ता थांबला.

"तुम्हले देखाडाले गाडी जोयजे व्हती. मले लोटाले. मी तेवढीच ठेवी. येत्या मंगळवारे परत जासू."

"कोठे जाशी?" रतिलालचा आवाज फुटला. "चुनीलाल! सकायले धुडकूले बलाव. जशीनी तशी जोडी दे म्हना. एक पोपट कमी ऱ्हाले नको!"

चुनीलाल आत आला. रिकाम्या बाजेची चौकट बघून त्याला पहिल्यांदा बोलायला आलं. "अन मी कोठे निजू?"

"जमीन शे ना," सुगंधा म्हणाली. "इतला दिवस मी याच घरमा शे. मरत नही मानूस."

सकाळी धुडकू आला. ओट्यावर दोन चाकं पडलेली, लोखंडी धावा पडलेल्या, पितळी गोंडे पडलेले. त्याने इकडे तिकडे पाहिलं, खिशातून पेन्सिल काढली, परत ठेवली.

"बाबा, सामान पुरं नही. पोपट कोठे शेतस? फळ्या?"

रतिलाल ताडकन उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. तिथे तो एरवी पाऊलही टाकत नसे.

चुलीवर पाणी खदखदत होतं. रूपचंद पाय लांब करून पाटावर बसला होता, पोटरीवर वाफाळतं फडकं. बाजूला फळ्या, कमळ आणि पाच पोपट रचलेले. तीन पोपट दिसत नव्हते. नवी गाडी कोपऱ्यात उभी होती आणि तिचा एक दांडा सुगंधाने काळ्या दोऱ्याने स्वतःच्या मनगटाला बांधला होता. दोरा तुटला असता. पण तोडायला हात लावावा लागला असता, तिच्या अंगाला.

"सागले आच चांगली ऱ्हास," ती म्हणाली. सासऱ्याकडे पाठ न करता, पदर न ओढता तिने चौथा पोपट उचलला आणि आधी चोच, मग शेपटी असा आत सरकवला. "धुडकूभाऊले सांगा, आते जोडाले काही ऱ्हायनं नही."

रतिलाल तिथेच उभा होता. दार त्याने अडवलं होतं, आणि मंगळवारला अजून सहा दिवस होते. सुगंधाने फडकं पिळलं. रूपचंद ओरडला, "आई, कढत शे!"

"शेच ते," ती म्हणाली, आणि लावलं.