कोळणीचं नाक

सासूच्या त्या टॉवेलाची गुणवंतीला शिसारी यायची.

एकच टॉवेल. कधी धुतला होता देव जाणे. निलगिरी, घाम आणि सासूची तपकीर, तिन्हींचा वास त्यात मुरलेला. गुणवंतीचं डोकं दुखायला लागलं की काशीबाई उकळत्या पाण्याचा टोप पुढ्यात ठेवायची, टॉवेल सुनेच्या डोक्यावर टाकायची आणि मान दाबून धरायची. वाफ घे, सायनस मोकळा होईल, म्हणायची. निलगिरी नाकात शिरली की कवटीत कुणी घण घालतंय असं व्हायचं. मग गुणवंती मोरीत जाऊन भडाभडा ओकायची. आतली घाण निघाली म्हणून काशीबाई खूश.

वरळीच्या कोळीवाड्यात डोकं दुखणं म्हणजे सायनसच. बर्फात हात, अंगावर ओलं लुगडं, पहाटे धक्क्यावरचा वारा, कुणाचं नाक धड राहील? गुणवंतीलाही कपाळात, गालात, डोळ्यांच्या मागे दुखायचं आणि नाक गळायचं. अर्धशिशीत अर्धंच डोकं दुखतं असं काशीबाईचं म्हणणं. हिचं दोन्हीकडे दुखतंय, मग विषयच संपला.

एक गोष्ट मात्र गुणवंतीने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. डोकं चढायला लागलं की तिला मासळीचा वास सोसायचा नाही. बोंबलाची पाटी जवळून गेली तरी आतडी वर यायची. एखाद्या शेठाणीने नाकाला पदर लावला तर लोक हसून सोडून देतात. कोळणीने लावला तर? तिने कुठे तोंड दाखवायचं?

भोईवाड्याच्या बाजारातला मासळीचा ओटा तिच्या सख्ख्या आयेचा. आयेने मरायच्या आधी लेकीला दुसरं काही दिलं नाही, ती जागा दिली. त्या जागेवर बसून ‘मना मासळीची किळस येते’ म्हणायचं म्हणजे आयेच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. म्हणून ती श्वास रोखून बसायची. टोपलीवर टांगलेला मोठा बल्ब डोळ्यांत सुयांसारखा टोचायचा, तरी हसून गिऱ्हाइकाला हाक मारायची.

तशात संप लागला. गिरण्या बंद, पगार बंद. पगाराला पापलेट नेणाऱ्या बाया आता मांदेलीचा भाव विचारून पुढे जायला लागल्या. मासळी उरायची, बर्फात जायची, दुसऱ्या दिवशी परत ओट्यावर. खाली गुलाबी काळं पाणी साचायचं, त्यावर माशा. धक्क्यावरून माल काशीबाई आणायची. पदराच्या टोकात नाक शिंकरायची, पिवळंजर्द, घट्ट, आणि त्याच हाताने मासा उचलून कसा ताजा आहे ते दाखवायची. गुणवंती दुसरीकडे बघायची.

एक दिवस डिलाईल रोडची बकुळा आली. नवरा गिरणीत, म्हणजे घरीच. बऱ्याच दिवसांनी पोरांना मासळी करून घालणार होती. तिने बांगडे मागितले. गुणवंतीने पहिल्याच बांगड्याचं पोट चिरलं आणि जो भपकारा आला, त्याने तिचं सगळं सुटलं. ओटा, टोपली, विळी, सगळ्यावर ओकली. बकुळा नाक दाबून मागे सरली. तुम्हालाच ज्याची ओकारी येते तो माल आम्हाला घालता होय, एवढं बोलून निघून गेली. सगळ्या बाजाराने ऐकलं.

काशीबाईने सुनेला सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन फर्मान काढलं. नाक एकदाचं डॉक्टरकडून सुई घालून साफ करून घ्यायचं. तोवर ओट्यावर दमयंती बसेल. दमयंती म्हणजे नणंद. ती एकदा बसली की तिला उठवायची कुणाची टाप नव्हती. नवरा तुळशीदास जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. गुणवंतीला त्याचीही किळस आली.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली होती. तिच्यापुढे सगळी उत्तरं काशीबाईच द्यायला लागली. डॉक्टरणीने तिला थांबवलं आणि गुणवंतीला विचारलं, नाकातून काय येतं? पाणी, ती म्हणाली. ताप? नाही. उलटी? हो. उजेड? उजेड नकोच वाटतो. अंधारात झोप लागली की उतरतं.

"आणि वास?" डॉक्टरणीने विचारलं. "सायनस भरला की वास येईनासा होतो. तुला येतो का?"

काशीबाई हसली. "कोळणीला कसला वास येतोय, बाई."

गुणवंतीच्या तोंडात कडू पाणी आलं. नाही म्हटलं की नाकात सुई, ओट्यावर दमयंती, पण कोळणीची अब्रू शाबूत. हो म्हटलं तर?

"येतो," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी येतो. डोकं चढताना मासळीची किळस येते मना." मग ती सासूकडे वळली. "आणि ते बांगडे नासलेले होते, आये. तू आणलेले."



ही अर्धशिशीच, डॉक्टरीण म्हणाली. ती दोन्हीकडेही दुखते, गालातही दुखते, नाकही गळतं, म्हणून लोक फसतात. सुई नको, निलगिरी तर अजिबात नको. पहाटे नुसत्या चहावर घराबाहेर पडायचं नाही, आधी भाकरी खायची. डोकं जरा चाळवलं की तेव्हाच गोळी घ्यायची, ठणका चढल्यावर नाही, आणि रोज उठून गोळ्या खायच्या नाहीत. मग अंधारात पडायचं. पूर्ण जाणार नाही, पण आवाक्यात येईल.

मग ती काशीबाईकडे वळली. नाक पिवळं वाहतं ना, वाकलं की कपाळ जड होतं ना, तिने विचारलं. टेबलावरची स्पिरिटची बाटली उघडून काशीबाईच्या नाकाखाली धरली.

काशीबाईने जोरात हुंगलं. परत हुंगलं.

"पाणी हाय काय?" ती म्हणाली.

घरात शिरल्यावर काशीबाईने स्वतःच टोप चढवला, टॉवेल डोक्यावर घेतला आणि आत बसून जोरजोरात नाक शिंकरत राहिली. तो आवाज ऐकून गुणवंती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. इतकी घाण. आणि इतके महिने त्याच टॉवेलात आपलं तोंड कोंबलं होतं.

दुसऱ्या पहाटे दमयंती साडीचा काष्टा घालून तयार बसली होती. काशीबाईने तिला धक्क्यावर यायला सांगितलं नाही. गुणवंतीने भाकरी खाल्ली आणि सासूच्या मागून निघाली.

धक्क्यावर बांगड्यांची पाटी स्वस्तात लागत होती. काशीबाईने नेहमीसारखा हात घातला, मग थांबली. सगळ्या बाया बघत होत्या. तिने पाटी सुनेपुढे सरकवली.

"घे गो. हुंग."

गुणवंती वाकली. तिने तोंड फिरवलं आणि बाजूला थुंकली.

"नको. परवाचे हायत."

काशीबाई पुढच्या पाटीकडे गेली.