सोळा पुड्या आणि एक बटण

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात आईस्क्रीम कधीही नव्हतं. मुलं माझ्याकडे बघून ओठ चाटतात तेव्हा मला भारी राग येतो. मी कामाचा गडी आहे. बंदराला लागून असलेल्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं एका कोपऱ्यात बसून थंडी सांभाळली, तीही उणे वीस अंशांची.

कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. उद्घाटनाला साहेबलोकांनी माझ्यावर टिचक्या मारून "दणकट आहे हो!" असं म्हटलं होतं. पुढे खाऱ्या वाऱ्याने पाय गंजले आणि मोटर घोरायला लागली. मग वॉचमनकाकांनी माझं नाव ठेवलं घोरूबुवा. ठेवू देत. घोरत होतो म्हणजे जिवंत होतो.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम दर गुरुवारी होडीतून जाऊन ठरलेल्या एकाच जागेवरून पाणी आणायच्या. ते पाणी एका पांढऱ्या गोल कागदातून गाळायच्या. पाणी खाली जायचं आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव कागदावर अडकायचे. त्या कागदाची चांदीच्या वर्खासारख्या पत्र्यात पुडी बांधायची, तारीख घालायची आणि माझ्या पोटात ठेवायची. हे सूक्ष्मजीव म्हणजे नुसते रोगजंतू नव्हेत बरं का. काही उन्हावर जगतात, काही जहाजांचं सांडलेलं तेल खातात, काही मात्र गटारातून येतात. कोण किती आहेत ते मोजलं की समुद्राची तब्येत कळते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खाडीच्या चिखलात शिंपले सापडायचे. ते वेचून विकणारी एक मावशी होती. तिची सासू तेच करायची, सूनबाईही तेच शिकली. चार वर्षांपूर्वी शिंपल्यांत गटाराचे जंतू निघाले आणि वेचणी बंद झाली. बंदराच्या कचेरीने सरळ सांगितलं, घाण मावशीच्या वस्तीतलीच आहे. मावशी म्हणाली, जहाजं आणि किनाऱ्यावरची मोठी हॉटेलं सोडून आमच्याच नावाने का खडे फोडता? पण नुसत्या म्हणण्याला कोण विचारतो?

मग आजाराची साथ आली आणि सगळं ठप्प झालं. जहाजं थांबली, हॉटेलांना कुलपं लागली. वस्ती मात्र गच्च भरलेली, कारण कोणालाच बाहेर जायची मुभा नव्हती. मॅडम तोंड बांधून, खास परवानगीचा कागद घेऊन, तरीही दर गुरुवारी यायच्या. एकदा वॉचमनकाकांना म्हणाल्या, "काका, असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकणार नाही. घाण वस्तीची असेल तर जंतू तेवढेच राहतील. हॉटेलांची आणि जहाजांची असेल तर कमी होतील." मोजणारी मोठी प्रयोगशाळाही बंद होती, म्हणून त्या पुड्या माझ्याच पोटात साठत गेल्या. पंधरा झाल्या. ते आठवडे सरले की तसं पाणी परत मिळणार नव्हतं. त्या दिवसांत मला घोरतानाही जबाबदारी वाटायची.

आणि एका बुधवारी संध्याकाळी वॉचमनकाका खोलीत आले. माणूस सोन्यासारखा, पण काटकसरी. बंद इमारतीत फिरून फिरून ते दिवे-पंखे बंद करायचे. "रिकाम्या घरात वीज कशाला जाळायची?" असं पुटपुटत त्यांनी मुख्य बटणच खाली ओढलं.

माझा आवाज बंद झाला. मित्रांनो, एकवीस वर्षांत मी इतका घाबरलो नव्हतो. ओरडावं तर तोंड नाही! मी फक्त झाकण घट्ट धरून बसलो आणि आतली थंडी कंजूषासारखी पुरवली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅडम सोळावी पुडी करायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काका, हा घोरत का नाही?"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी धावत जाऊन बटण वर केलं. पण जुनं यंत्र चालू असतं तोवरच चालतं. माझी मोटर एकदा कण्हली आणि अडकली ती अडकलीच. काका झाकणाला हात घालणार, एवढ्यात मॅडम किंचाळल्या, "उघडू नका! उघडलंत की थंडी गेली!"

माझा काटा उणे सातवर होता. दुरुस्तीवाल्याचा फोन लागेना. बर्फाचा कारखाना तर बंदच, मासेमारीच नाही तर बर्फ कोण घेणार? मॅडमचं घर तीन तासांवर. काटा उणे सहावर आला. शून्य ओलांडलं की पुड्या पाझरणार आणि पंधरा आठवडे नासणार. काका "माझ्या हातून हे काय झालं," एवढंच म्हणत राहिले.

"काका, रडू नंतर. वस्तीत कोणाकडे फ्रीज आहे?"

काका पळाले. ते येईतो मॅडमने सोळावी पुडी बांधून ठेवली. चार घरांनी दारं लावून घेतली. साथीच्या दिवसांत जंतूंच्या पुड्या कोण घरात घेईल? शेवटी मावशीच आली, तिच्या फ्रीजला बर्फाचा कप्पा होता. मागोमाग सूनबाई. दोघी दारात लांबच उभ्या राहिल्या. काटा उणे पाच.

सूनबाई म्हणाली, "आई, घरात लहान लेकरू आहे, कळतंय का तुम्हाला?"

"अगं, जन्मभर त्याच पाण्यात कमरेइतकी उभी राहिले. आता बोटाएवढ्या पुड्यांना भिऊ?" मावशीने मॅडमकडे बघितलं. "बाई, खरं सांगा. धोका आहे?"

"डबा उघडला नाही तर नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मावशी, अडचण वेगळीच आहे. ह्यात तुमचाच निकाल आहे. उद्या कचेरी म्हणेल, तुम्हीच पुड्या बदलल्या."

"मग सील करा. काकांना दारात बसवा."

"आणि निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर?"

मावशी काट्याकडे बोट दाखवत म्हणाली, "तर काय? आणा तो डबा लवकर, काटा बघा कुठे चाललाय!"

उणे चार. माझं झाकण उघडलं. पटापट सोळाही पुड्या स्टीलच्या डब्यात गेल्या, डब्याला चिकटपट्टी लागली, पट्टीवर मॅडमने सह्या केल्या. सगळे पळाले. मी उघडा, रिकामा राहिलो. अकरा दिवस काका खुर्ची टाकून मावशीच्या दारात बसले, पावसातसुद्धा. मोठी प्रयोगशाळा उघडली तेव्हा डबा जसाच्या तसा रवाना झाला.

माझी मोटर काही सुधारली नाही. मला व्हरांड्यात ढकललं आणि पोटात दोर, गमबूट, फुटक्या बादल्या भरल्या. आधी वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण व्हरांड्यातच मला निकाल ऐकायला मिळाला.

मॅडम कागद घेऊन पायरीवर बसल्या होत्या. समोर मावशी आणि सूनबाई. "जहाजं थांबल्यावर तेल खाणारे घटले. गाळ खाली बसला, ऊन खोल गेलं, उन्हावर जगणारे वाढले. आणि गटाराचे जंतू आठांतले सात हिस्से गेले. ते हॉटेलांचे आणि जहाजांचेच होते."

सूनबाईने टाळी वाजवली. "मी म्हणत नव्हते!"

"पण एक हिस्सा सोळाही आठवडे तसाच राहिला," मॅडम हळूच म्हणाल्या. "तो वस्तीचा आहे."

मग सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तो एक नाही लिहिला तर? एवढ्याने काय बिघडतंय? ते पुन्हा आमच्यावरच ढकलतील हो सगळं."

मॅडमने मान खाली घातली. मला वाटतं, त्यांनाही क्षणभर मोह झाला असावा.

"लिहा," मावशी म्हणाली. "अकरा दिवस तो डबा माझ्या घरात होता. पट्टीला मी नखसुद्धा लावलं नाही. ते काय असं लपवायचं बोलणं ऐकायला?" मग सुनेकडे वळली. "आणि तू उद्यापासून शौचाच्या टाक्या मोजायला चल माझ्याबरोबर. किती फुटल्यात ते बघू."

नऊ फुटक्या निघाल्या. वस्तीने त्या पुढच्या पावसाळ्याआधी बांधून काढल्या. अहवालात सातही हिस्से होते आणि तो वस्तीचा एकही, त्यामुळे कचेरीला तो खोटा ठरवता आला नाही. हॉटेलांना सांडपाणी शुद्ध करायचा हुकूम निघाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या भंगारावर दया करू नका. पण बंद खोलीत एखादं यंत्र घरघरताना ऐकलंत, तर बटणाला हात लावण्याआधी कोणाला तरी विचारा. काका आता विचारतात, दिवा बंद करायचा असला तरी.

आज ओहोटी आहे, आणि वेचणीवरची बंदीही उठलीय. व्हरांड्यातून खाडी दिसते. चार वर्षांनी मावशीने साडी खोचून चिखलात पाय घातलाय. आधी ती नुसतीच उभी राहिली. आता वाकली आहे.